हात वर केला की अंगरखा वर का चढतो?

प्रश्न : ताई, माझा भाचा यंदा पहिल्यांदाच नारदीय कीर्तनाला उभा राहतोय. त्याच्यासाठी तयार अंगरखा आणला, पण हात वर केला की तो सगळाच वर चढतो आणि बगलेत काचतो. एक नंबर मोठा घेऊ, की कमरेपर्यंतची, बंदांची बाराबंदी शिवून घेऊ? बंदांऐवजी बटणं लावली तर चालतील का?

उत्तर : नंबर मोठा घेऊ नका. खांदे उतरतील, गळा उघडा पडेल आणि काचायचं मात्र तसंच राहील. अंगरख्याचा सैलपणा छातीच्या मापात नसतो, बगलेत असतो. भाच्याचा अंगरखा उलटा करून पाहा, बाही शर्टासारखी गोल मुंढ्यात, म्हणजे बाहीसाठी कापलेल्या भोकात, जोडलेली असेल. जुन्या बेतात मुंढा गोल कापतच नसत. अंगाचा भाग सरळ, बाही सरळ आणि दोन्हींच्या सांध्यात एक चौकोनी तुकडा, चौबगला. तो कर्णात दुमडून बसतो. हात वर गेला की उघडतो, त्यामुळे अंगाचं कापड हातामागे ओढलं जात नाही. घेर हवा तर खाली तिरक्या कळ्या, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा पट्ट्या. हातमागाचं कापड अरुंद पन्ह्याचं असायचं. असे सरळ तुकडे पाडले की वाया फार थोडं जाई.

दरबारात घालायचा घेरदार जामा याच घराण्यातला, तोही बंदांनीच बांधायचा. मोगल काळात हिंदू तो डाव्या बगलेत बांधत, मुसलमान उजव्या. लघुचित्रांतली माणसं ओळखायला अभ्यासक आजही ते बंद बघतात. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये शिवाजी महाराजांचं सतराव्या शतकातलं चित्र आहे, त्यातही जामाच आहे. पुढे इंग्रजी अमदानीत कचेऱ्यांमधून बटणांचा कोट आला, तरी लोकमान्यांच्या फोटोंत अंगरखा, उपरणं आणि पगडी कायम दिसते. कीर्तनकारांनी हा वेश अजून टिकवलाय याचं मला फार अप्रूप आहे, म्हणून भाच्याला तो नीट बसलाच पाहिजे.

बाराबंदी कमरेपर्यंतची, पुढे पदरावर पदर घेऊन बंदांनी बांधायची. कीर्तनाला पायघोळ अंगरखाच शोभतो, तेव्हा ती नको. पण कष्टाच्या कामात हा कपडा कसा साथ देतो ते पाहायचं असेल, तर संक्रांतीला सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेला जा. सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि त्या उंच, जड काठ्या पेलणारे पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत असतात.

बटणं लावू नका, हे मात्र हट्टाने सांगते. बंद असले की तोच अंगरखा माणूस थोडा सुटला तरी बसतो, बंद जरा सैल बांधायचे इतकंच. तान्ह्या बाळाच्या झबल्याला आपण अजून बंदच लावतो, कारण ते डोक्यातून ओढावं लागत नाही आणि अंगाला काही टोचत नाही. हल्ली बाजारात वरून शोभेचे बंद आणि आत चेन असले अंगरखे मिळतात. ते घेऊ नका. आतला पदर आत बांधलेला नसला की उभं राहून गाताना तो सरकतो आणि सारखं लक्ष तिकडेच जातं.

बंद त्याच कापडाचे, अर्धा इंच रुंद, नऊ-दहा इंच लांब करा. पट्टी चार पदरी दुमडून दोन्ही कडांना शिलाई मारा आणि बंद जिथे जोडाल तिथे आतून छोटं चौकोनी ठिगळ द्या, कारण फाटतं ते तिथेच. नवा शिवणार असाल तर सुती कापड आधी रात्रभर भिजवून वाळवा.

आणलेला अंगरखाही वाचेल. बगलेची शिवण अंगाकडे चार बोटं आणि बाहीकडे चार बोटं उसवा, खालच्या दुमडीतून निघेल त्या कापडाचा पाच इंची चौकोन तिथे बसवा. टाचण्या लावून आधी भाच्याला घालायला द्या, दोन्ही हात टाळ वाजवताना येतात तसे वर करायला सांगा, आणि मगच पक्की शिलाई मारा.