आजीचा पदर कुठल्या खांद्यावर आहे ते बघ

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा मेसेज आला आणि झोप उडाली. एका फोटोत आषाढीला तू टाकलेलं चित्र, रिंगणात डोक्यावर तुळस घेऊन धावणारी आजी. दुसऱ्यात तीच आजी एका काळ्या टी-शर्टवर, किंमत ३९९ रुपये, आणि कोपऱ्यातली तुझी सही पुसलेली. खाली तू लिहिलंस, "सर, आता मी काहीच ऑनलाइन टाकणार नाही." चोरीचा राग आलाच, पण हे वाक्य जास्त लागलं. फोनवर सगळं नीट सांगता येणार नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी आजीचा पदर बघ. तुझ्या चित्रात तो डाव्या खांद्यावर आहे, टी-शर्टवर उजव्या. म्हणजे त्या माणसाने चित्र आरशात धरल्यासारखं उलटं केलंय. गूगल लेन्ससारख्या, चित्रावरून चित्र शोधणाऱ्या साधनात ते सापडू नये म्हणून असं करतात. पण नऊवारी नेसलेल्या आपल्याकडच्या कुठल्या आजीचा पदर उजव्या खांद्यावर असतो? चित्र त्याने स्वतः काढलं असतं तर ही चूक झाली नसती. दोन्ही चित्रं शेजारी ठेव, त्यातलं एक उलटं कर आणि एकावर एक बसव. सुरकुत्या, बांगड्या, तुळशीची पानं तंतोतंत जुळली तर चोरी सिद्ध करायला फार बोलावं लागणार नाही. यापुढे आपली चित्रं शोधताना उलटी करूनही शोधत जा.

त्या विक्रेत्याला अजून काही लिहिलं नसशील अशी आशा आहे. लिहू नकोस. त्याच्या पानाखाली कमेंट नको, आपल्या मित्रमंडळींना तिकडे धाडणंही नको. सावध झाला की तो पाच मिनिटांत पान काढून टाकेल आणि तुझ्या हातात दोन अर्धवट स्क्रीनशॉट उरतील. आधी पुरावा गोळा कर. पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घे, त्यात वेबसाइटचा पत्ता, तारीख, किंमत आणि विक्रेत्याचं नाव दिसायला हवं. तेच पान वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या प्रती राखणाऱ्या साइटवर, जतन करून ठेव, म्हणजे तुझ्याखेरीज बाहेरच्या कुणाकडे तरी त्याची नोंद राहील. आणि एक टी-शर्ट मागव. आपलंच चित्र विकत घ्यायचं तुझ्या जिवावर येईल, पण त्या पार्सलबरोबर बिल येतं आणि बिलावर विक्रेत्याचं नाव-पत्ता असतो. पाकीट, बिल, टी-शर्ट, सगळं तसंच ठेव. ज्या फोनवर हे टिपलंस तो फोन विकू नकोस, फॉर्मॅटही करू नकोस. उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्यात कुठल्या उपकरणातून तो घेतला ते सांगावं लागतं.

आता तुझ्या बाजूचा पुरावा. इथे माझी एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी, वर्गात मी ती कधी सांगितली नाही. ऐन उमेदीत मी एका दिवाळी अंकासाठी मुखपृष्ठ केलं होतं, उंबऱ्यावर पणती ठेवणारी बाई. दोन वर्षांनी किराणा दुकानात पुडी बांधून घेत उभा होतो, तर समोर भिंतीवर कॅलेंडर, आणि त्यावर माझीच बाई. खाली माझं नाव नाही, एका तेलाच्या दुकानाची जाहिरात. मी छापखान्यात गेलो. तिथल्या माणसाने शांतपणे विचारलं, "हे तुमचंच कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मूळ चित्र मी संपादकांच्या कचेरीत दिलं होतं, परत मागितलंच नव्हतं. रफ स्केचेस रद्दीत गेली होती. अंकाच्या श्रेयनामावलीत मुखपृष्ठकाराचं नाव छापायचं राहून गेलं होतं. मी तसाच घरी आलो. त्या दिवसापासून माझा एकही रफ कागद रद्दीत गेलेला नाही, माळ्यावरची ट्रंक तू पाहिलीच आहेस.

तुझी पिढी या बाबतीत नशीबवान आहे. प्रोक्रिएट या चित्र काढायच्या अ‍ॅपमध्ये चित्र होत असताना त्याचा टाइमलॅप्स, म्हणजे ते घडत जातानाचा वेगवान व्हिडिओ, आपोआप साठत जातो. लेयर, म्हणजे एकावर एक रचलेले थर, असलेली मूळ फाइल असते. पहिली पेन्सिल-रेखाटनं, वारीत काढलेले संदर्भाचे फोटो, मैत्रिणीला पाठवलेलं अर्धवट चित्र, या सगळ्यांवर तारखा असतात. चोराकडे फक्त शेवटचं चपटं चित्र असतं, ते होत जाताना त्याने पाहिलेलं नसतं. म्हणून दाखवायचं ते वेगळं ठेव आणि राखायचं ते वेगळं. लोकांना तयार चित्र दाखव, पण लेयरची फाइल कुणालाही देऊ नकोस, आणि तिची एक प्रत घराबाहेरच्या डिस्कवर असू दे.

तू विचारलंस, रजिस्ट्रेशन केलं नव्हतं तर हक्क गेला का? नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र तयार झालं त्या क्षणी हक्क जन्माला येतो आणि तुझ्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षं टिकतो. नोंदणी ऐच्छिक आहे. पण नोंदणी झालेली असेल तर कोर्ट ती प्रथमदर्शनी पुरावा मानतं, म्हणून वर्षातली दोन-चार महत्त्वाची चित्रं नोंदवून ठेवावीत असं माझं मत आहे. साध्या चित्रकृतीची फी ५०० रुपये आहे आणि अर्ज ऑनलाइन होतो. आपलंच चित्र आपल्याच पत्त्यावर पोस्टाने पाठवून पाकीट न फोडता ठेवायचं, ही युक्ती तुला कुणीतरी सांगेल. तिच्यावर विसंबू नकोस. "इंटरनेटवर आहे म्हणजे सगळ्यांचं", "कोपऱ्यात क्रेडिट दिलं की झालं", "तीस टक्के बदललं की चालतं", ही विधानंही तू ऐकशील. कायद्यात यातलं काहीही लिहिलेलं नाही.

सही पुसणं हा तर वेगळाच गुन्हा मानावा असं मला मनापासून वाटतं, आणि कायदाही या बाबतीत कलावंताच्या बाजूने आहे. कलम ५७ वाच. चित्र विकलं, हक्क विकले, तरी हे माझं काम आहे असं म्हणण्याचा आणि त्याची विटंबना रोखण्याचा अधिकार निर्मात्याकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प केलं होतं. १९७९ मध्ये सरकारने ते त्यांना न विचारता उतरवलं आणि गोदामात टाकलं, त्यात त्याची मोडतोड झाली. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं, पैसे दिलेले होते. तरी सहगल कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. किती वर्षं गेली ते मोज. पण समोर खुद्द भारत सरकार होतं आणि हा माणूस हटला नाही. तुझ्या समोर टी-शर्टचा एक विक्रेता आहे.

तक्रार विक्रेत्याकडे करायची नाही, तो ज्या बाजारपेठेवर विकतोय तिच्याकडे करायची. प्रत्येक मोठ्या साइटवर कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म असतो आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव द्यावं लागतं. पत्रात राग नको. माझं चित्र हे, पहिल्यांदा इथे या तारखेला प्रसिद्ध केलं, नक्कल या पत्त्यावर आहे, मालकीचे पुरावे सोबत जोडले आहेत, एवढंच. कॉपीराइट नियम २०१३ मधला नियम ७५ बघून ठेव. त्याप्रमाणे रीतसर तक्रार गेली आणि तिची खात्री पटली तर साइटने ३६ तासांत मजकूर बंद करायचा असतो. पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा सुरू होऊ शकतो, हेही त्याच नियमात आहे. अमेरिकेतल्या साइटवर नक्कल सापडली तर तिथल्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याखाली नोटीस द्यायची. बहुतेक प्रकरणं नोटिशीवरच मिटतात. नाही मिटलं तर आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ मुळे तू राहतेस तिथल्या जिल्हा पातळीवरच्या कोर्टात दावा लावता येतो, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला त्याच कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. नोटिशीत हे एका ओळीत लिहावं.

मेसेजमधल्या दुसऱ्या तक्रारीबद्दल मात्र मी तुझ्या बाजूने नाही. तो नाशिकचा मुलगा तुझ्यासारख्याच सुरकुतलेल्या आज्या काढतो, तसेच मातकट रंग वापरतो. वाईट वाटतं, समजतं मला. पण ती चोरी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलं की कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो, हक्क असतो तो तिच्या प्रत्यक्ष मांडणीवर. विठ्ठल, वारी, तुळस सगळ्यांची आहे. त्या दिवशी त्या रिंगणात तुला दिसलेली आणि तू त्या रेषांत पकडलेली आजी तेवढी तुझी. आणि स्वतःकडेही बघ. गेल्या वर्षीच्या तुझ्या पोस्टरला वारली किनार होती, कुठून घेतली होतीस? डहाणू-तलासरीकडच्या लोकांची ती पिढ्यांची लिपी आहे, तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तिथल्या एखाद्या चित्रकाराला काम देऊन ती किनार करून घेता आली असती. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, बोललो नाही, ती माझी चूक.

पुढच्या चित्रांसाठी थोडं गणित. छापायला एका इंचाला ३०० पिक्सेल लागतात. तू १०८० पिक्सेलचं चित्र टाकलंस तर ते साडेतीन इंचांच्या आसपासच स्वच्छ छापलं जाईल. छातीभर बारा इंची छपाईला ३६०० पिक्सेल हवेत. तू आजी टाकलीस ती ४००० पिक्सेलची, म्हणजे छपाईला तयार फाइलच त्याच्या हातात दिलीस. लहान चित्र मोठं करणारी साधनं आता आहेत, पण त्यात हाताची रेघ बिघडते आणि ते ओळखता येतं. सही कोपऱ्यात करू नकोस, कोपरा कापायला दोन सेकंद लागतात. लुगड्याच्या काठात, तुळशीच्या मातीत, जिथून काढायला अख्खं चित्र पुन्हा रंगवावं लागेल अशा जागी कर. चित्रावर आडवा भलामोठा वॉटरमार्क मला आवडत नाही, बघणाऱ्याचा आनंद जातो. फाइलच्या माहितीत नाव जरूर भर, पण चढवताना बऱ्याच साइट ती पुसतात हे धरून चाल. एआयची धास्ती वाटते म्हणालीस, तर शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेलं ग्लेझ हे सॉफ्टवेअर वापरून बघ. ते डोळ्याला जेमतेम जाणवणारे बदल करून शैलीची नक्कल अवघड करतं. कायमची हमी ते संशोधकही देत नाहीत.

खरं सांगायचं तर टी-शर्टवाल्यांपेक्षा मला तुझ्या कामाच्या ऑर्डरींची जास्त काळजी आहे. तू फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर "ओके, डन" म्हणून कामं घेतेस. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट केलं आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा पहिला मालक ते करून घेणारा ठरतो. नोकरीत केलेलं काम मालकाचं. म्हणजे चोर न येताच चित्र हातचं जातं. म्हणून एका पानाचा करार कर: काम कुठे वापरणार, किती काळ, कुठल्या प्रदेशात, मानधन किती, नाव कुठे छापणार, मूळ चित्र कुणाकडे राहणार. हक्क लिहून देताना मुदत घातली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश घातला नाही तर भारत. "सर्व हक्क, कायमचे" असं कुणी लिहून मागितलं तर आकडा तिप्पट सांग किंवा नम्रपणे नाही म्हण. आणि तू स्वतः टी-शर्ट काढायच्या विचारात असशील तर आधी वकिलाला भेट. डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी गोष्ट न नोंदवता पन्नासपेक्षा जास्त वस्तूंवर उतरली की कॉपीराइटची अडचण होते, कलम १५ मध्ये ते आहे, आणि त्यावर कोर्टांत बराच खल झालेला आहे.

चित्रं टाकणं बंद करू नकोस. आजी पहिल्यांदा तुझ्या पानावर, तुझ्या नावाने, हजारो लोकांनी पाहिली, ही तारीखच तुझा सगळ्यात भक्कम साक्षीदार आहे. वहीत राहिली असती तर ती तुझी आहे हे आज कोण सांगणार होतं?

नोटिशीचा मसुदा शुक्रवारपर्यंत मला पाठव, मी बघून देतो. रविवारी सकाळी घरी ये. काकू आंबोळ्या करणार आहे. टी-शर्ट तोवर आला तर पाकिटासकट आण, आणि आजीचं मूळ पेन्सिलचं रेखाटनही घेऊन ये. धावताना तिच्या पायात चप्पल आहे की नाही, ते फोटोत मला नीट दिसलं नाही.

तुझा,
सर