वाचकांचे प्रश्न : फिल्टर लावला की घरघर का?

प्रश्न (सातपूर, नाशिक) : आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला जोडायचा रेडिओ रिसीव्हर) आणि जीएनयू रेडिओ या सॉफ्टवेअरवर मी आकाशवाणी नाशिक, 101.4 मेगाहर्ट्झ ऐकतो. सॅम्पल रेट (सेकंदाला सिग्नलची किती मोजमापे घेतली ते) 240 हजार. डीमॉड्युलेटरच्या (सिग्नलमधून आवाज काढणाऱ्या भागाच्या) आधी मी पायथॉनमध्ये लिहिलेला 129 टॅपचा (गुणकांचा) फिल्टर जोडला, की आवाजात घरघर येते. तीच सॅम्पल्स फाइलमध्ये साठवून एकदम फिल्टर केली, तर आवाज स्वच्छ. टॅप तेच, मग फरक कशाचा?

उत्तर : टॅप बरोबर आहेत, हे तुमच्या फाइलनेच दाखवून दिले. बिघाड सांध्यांवर आहे. जीएनयू रेडिओ सॅम्पल्स तुकड्यांनी देतो. दोन ब्लॉकांमधला (प्रक्रियेच्या टप्प्यांमधला) बफर, म्हणजे तात्पुरता साठा, सहसा 64 किलोबाइटचा. कॉम्प्लेक्स सॅम्पल (दोन संख्यांची जोडी) 8 बाइटचे, म्हणजे त्यात 8192 मावतात आणि एका वेळी फार तर निम्मी, 4096, हाताळली जातात. तुमच्या रेटला सेकंदाला निदान 58 सांधे झाले. नमपाय या पायथॉन लायब्ररीचे कन्व्हॉल्व्ह (फिल्टर लावणारे फंक्शन) 'सेम' मोडमध्ये, म्हणजे इनपुटइतकेच आउटपुट देणाऱ्या पद्धतीत, वापरले असेल, तर प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांची 64-64 सॅम्पल्स शेजारी शून्य धरून काढली जातात. घरघर तीच. फाइलला टोके दोनच, म्हणून तिथे काही जाणवत नाही.

उपाय दोन ओळींचा आहे. ब्लॉक तयार होताना 'सेट हिस्टरी' या फंक्शनला 129 द्या. आता 'वर्क' या ब्लॉकच्या मुख्य फंक्शनमध्ये येणाऱ्या इनपुटच्या सुरुवातीला मागची 128 सॅम्पल्स असतील, सर्वांत जुने शून्य क्रमांकावर. (हिस्टरीत चालू सॅम्पलही मोजतात, म्हणून 129 दिले की जुनी 128 मिळतात. इथे एकाचा घोळ हमखास होतो.) मग कन्व्हॉल्व्ह 'व्हॅलिड' मोडमध्ये (सगळ्या टॅपना खरी सॅम्पल्स मिळतात तेवढेच आउटपुट) चालवा; लांबी आउटपुटशी तंतोतंत जुळते. अगदी पहिल्या तुकड्यामागे शून्येच असतात, तेव्हा सुरुवातीची 128 सॅम्पल्स कच्ची निघणार. ती सोडून द्या.

सिंक ब्लॉकऐवजी (जितके इनपुट तितकेच आउटपुट) जनरल ब्लॉक (हे प्रमाण स्वतः ठरवायचे) लिहिला असेल, तर 'फोरकास्ट'मध्ये (किती इनपुट हवे ते सांगणारे फंक्शन) आउटपुट अधिक 128 मागा, पण 'कन्झ्यूम' (किती इनपुट वापरून संपले ते कळवणे) आउटपुटइतकेच करा. आलेले सगळे इनपुट कन्झ्यूम केले, तर दर वेळी 128 सॅम्पल्स गळतात आणि घरघर कायम राहते. मागचा तुकडा स्वतः जपून ठेवायचा असेल, तर त्याची कॉपी घ्या. नुसता ॲरे धरून ठेवलात, तर त्या जागेवर नवी सॅम्पल्स येऊन बसतात.

प्रश्न (पंचवटी, नाशिक) : 24 लाख सॅम्पल रेटला टर्मिनलवर सारखे 'ओ' उमटतात. बफर वाढवू का?

उत्तर : 'ओ' म्हणजे ओव्हरफ्लो, डोंगलकडून आलेली सॅम्पल्स वेळेत उचलली गेली नाहीत. ड्रायव्हरचे मूळचे 15 बफर असतात, प्रत्येकी 2,62,144 बाइटचे. डोंगल एका सॅम्पलला 2 बाइट देतो, म्हणजे एक बफर सुमारे 55 मिलिसेकंदांचा आणि सगळे मिळून पाऊण सेकंदाहून थोडे जास्त. 'ओ' अधूनमधून येत असेल, तर बफर वाढवून फायदा होईल. सारखाच येत असेल, तर प्रोसेसर कमी पडतो आहे. बफर कितीही मोठा केला तरी भरणारच. एकच एफएम केंद्र ऐकायचे तर रेट 240 हजारांवर आणा. पूर्ण पट्टा हवाच असेल, तर साखळीत सर्वांत आधी डेसिमेशन (सॅम्पल रेट कमी करणे) करा आणि वॉटरफॉल (पडद्यावरचा सरकता सिग्नल-आलेख) बंद ठेवून पाहा.