प्रत्येक ‘मंग’ला एक आकडा

प्रोजेक्टचा अहवाल जमा करायची तारीख जवळ आली की अभियांत्रिकीची मुलं एकच वाक्य घेऊन समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसतात: “मॅडम, येतं सगळं, पण मांडता येत नाही.” पुढचं वाक्यही ठरलेलं असतं. “मराठी मीडियमचा आहे ना मी.” आई सोबत आली असेल तर ती अपराध्यासारखी भर घालते, “घरमा अहिरानीच बोलतस आम्ही.” बहुतेकांनी तोवर एखाद्या स्पोकन इंग्लिश क्लासची फी भरलेली असते. ‘हाऊ आर यू’ येऊ लागलेलं असतं, अहवाल मात्र आहे तिथेच असतो.

शिरपूर तालुक्यातला, शेवटच्या वर्षाचा मुलगा असाच आला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) ठिबक सिंचनाचा फिल्टर चोंदला की इशारा देणारं यंत्र त्याच्या गटाने बनवलं होतं. यंत्र चालत होतं, पण अहवाल मार्गदर्शकांकडून दोनदा परत आला होता. तोंडी परीक्षेच्या विचाराने त्याची झोप उडाली होती. सहा भेटींचं सगळं इथे सांगत नाही, त्यातल्या दोन-तीन प्रसंगांपुरतंच बोलते.

पहिल्या भेटीत त्याने अहवाल पुढे केला. फिल्टरच्या देखभालीवर एकच वाक्य होतं: “द फिल्टर वॉज क्लीन्ड पिरिऑडिकली ॲज पर रिक्वायरमेंट.”

“हे कोणासाठी लिहिलंय?”

“सबमिशनसाठी.”

“वाचणार कोण?”

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “कोणीच नाही वाचत, मॅडम. जाडी बघतात.”

त्याच्या न्यूनगंडाची मुळं खणत बसण्यात मला रस नव्हता. माझी कामाची पद्धत साधी आहे. न जमलेल्या शंभर वेळा मोजण्यापेक्षा जमलेली एक वेळ शोधायची. पण त्याला ती आठवेना. कधीच नीट सांगता आलं नाही, हे त्याचं उत्तर पक्कं होतं.

तिसऱ्या भेटीत त्याचा फोन वाजला. शेतातून वडील बोलत होते. पाणी शेवटच्या ओळींपर्यंत पोहोचत नव्हतं. परवानगी घेऊन तो तिथेच बोलला:

“आबा, पहिले मोटर बंद कर. मंग थांब. काटा शून्यवर उना का मंगच झाकणले हात लाव, तेना पहिले नको. मंग जाळी काढ, नरम बुरूशघाई धोय. तारना बुरूश नको, जाळी फाटी जाई. मंग रबरनी रिंग बसाड, झाकण कस, मोटर चालू कर. दोन्ही काटा देख. फरक अर्धा किलोना वर दखायना तर माले फोन कर.”

एक मिनिटही लागलं नाही. एक शब्द वाया नाही. फोन ठेवून तो म्हणाला, “सॉरी मॅडम. हां, तर मला सांगता येत नाही...” आणि स्वतःच थांबला.

मी अहवालातलं ते वाक्य त्याच्यासमोर ठेवलं आणि चारच प्रश्न विचारले. फिल्टर कोणी साफ करायचा? कधी? कशाने? नीट साफ झाला हे कसं कळणार? अहवालाच्या वाक्यात चारांपैकी एकाचंही उत्तर नव्हतं. फोनवर चारही होती. आबा, मोटर बंद करून काटा शून्यावर आल्यावर, नरम ब्रशने, आणि शेवटी दोन्ही काट्यांतला, म्हणजे फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला, फरक अर्ध्या किलोच्या (दर चौरस सेंटीमीटरला) आत आहे ना ते बघून. तो हसायला लागला. सहा भेटींत पहिल्यांदाच.

मला जे उमगलं ते असं. फोनवर त्याच्यापुढे माणूस होता. त्या माणसाचे हात कुठे आहेत, तो कुठे चुकेल, घाईत झाकण आधी खोलेल का, हे त्याला दिसत होतं. अहवाल लिहिताना समोर कोणीच नव्हतं. ज्या चिठ्ठीवर पत्ताच नाही, तिचं इंग्रजी कितीही सुधारलं तरी ती पोहोचायची कशी? इतकी वर्षं हीच तक्रार ऐकून मीही ती भाषेची समजत होते. या मुलाने ती समजूत मोडली, आणि त्यानंतर अनेकांना हीच वाट उपयोगी पडली.

पुढच्या दोन भेटी निव्वळ कामाच्या होत्या. आधी त्याने तेच बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि जसंच्या तसं वहीत उतरवलं. (जळगावच्या विद्यापीठाला 2018 मध्ये जिचं नाव दिलं, त्या बहिणाबाईंना तरी कुठे लिहिता येत होतं? त्यांनी म्हटलेलं घरच्यांनी उतरवून घेतलं. लाजण्यासारखं त्यात काही नाही.) मग पेन्सिल घेऊन तीन खुणा केल्या. जिथे ‘मंग’ आहे तिथे आकडा, कारण तिथे नवी पायरी सुरू होते. जिथे ‘उना का’सारखा (म्हणजे ‘आला की’) ‘का’ आहे तिथे अट. ती वाक्याच्या सुरुवातीला घ्यायची. आणि जिथे ‘नको’ आहे तिथे चौकट, म्हणजे धोक्याची सूचना.

चौकटीची जागा फार महत्त्वाची. सूचना पायरीच्या आधी यायला हवी, कारण माणूस पान संपवून मग कामाला लागत नाही, वाचत-वाचतच हात चालवतो. नळ्यांत साचलेले क्षार काढायला ठिबकला ॲसिड देतात, त्याचं उदाहरण घ्या. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. हे पाचव्या ओळीत लिहिलं आणि मिसळायचं तिसऱ्या ओळीत सांगितलं, तर पाचवी ओळ वाचेपर्यंत ॲसिड अंगावर उडालेलं असेल. त्याने फोनवर “तेना पहिले नको” अगदी योग्य जागी म्हटलं होतं. अहवालात मात्र सगळ्या सूचना शेवटच्या पानावर ‘प्रिकॉशन्स’ म्हणून गोळा केल्या होत्या. बहुतेक अहवालांत हेच दिसतं.

एका ठिकाणी तोही घसरला होता. शेवटच्या ‘मंग’मध्ये रिंग, झाकण आणि मोटर, तीन कामं एकत्र होती. वडिलांना चालतं, नवख्याला नाही. एका आकड्यापुढे एकच काम, म्हणून तिथे तीन आकडे झाले. इंग्रजीत करायची पाळी सर्वांत शेवटी आली, तीही आज्ञार्थी आणि तोकड्या वाक्यांत: “स्टॉप द पंप. वेट अंटिल द गेज रीड्स झिरो. ओपन द लिड.” एवढं इंग्रजी दहावी पास झालेल्या प्रत्येकाकडे असतं.

उरलेल्या अहवालालाही हाच न्याय लावला. गोषवारा सगळ्यात शेवटी लिहायचा, दीडशे-दोनशे शब्दांत: अडचण काय, काय केलं, किती फरक पडला, त्याचा उपयोग काय. मुलं तो पहिल्या दिवशी लिहितात, म्हणून त्यात ‘धिस प्रोजेक्ट डील्स विथ’पलीकडे काही नसतं. आकड्याला एकक हवंच, ‘दाब 1.5’ म्हणजे काहीच नाही. तक्त्याचं शीर्षक वर, आकृतीचं खाली, आणि मजकुरात उल्लेख आल्याशिवाय आकृती टाकायची नाही. निष्कर्षाचं प्रकरण म्हणजे रोजनिशी नव्हे. कोणत्या तारखेला काय केलं यापेक्षा सगळ्यात महत्त्वाचं काय सापडलं ते आधी येतं. ॲपकडून लिहून घेतलेल्या उताऱ्यांचं एक सांगते: त्यातला ‘रोबस्ट’ शब्द परीक्षक बोटाने दाखवतात आणि विचारतात, म्हणजे काय? मग मूळ यंत्र स्वतः बनवलेला मुलगाही चोर ठरतो.

तोंडी परीक्षेची तयारी म्हणून पाठांतर बंद केलं. प्रश्न आला की आधी उत्तर, मग आकडा, मग कारण. तीन वाक्यं पुरे. माहीत नसेल तर “हे आम्ही मोजलं नाही, मोजायचं तर असं मोजता येईल” हेही पूर्ण उत्तर आहे. सराव आरशासमोर केला नाही. त्याने वसतिगृहातल्या कॉमर्सच्या मुलासमोर केला, कारण न समजल्यावर तोंड वाकडं करायला समोर माणूस लागतो.

असं तांत्रिक लेखन शिकवणारे प्राध्यापकही कधी कधी येतात, तासिका तत्त्वावरचे तर थकूनच. साठ वह्यांतली काळाची आणि अव्ययांची चूक लाल पेनाने गिरवून त्यांचा जीव जातो, आणि पुढच्या वेळी मुलं चूक होऊ नये म्हणून आणखी कमी लिहितात. त्यांना मी एकच बदल सुचवते. सूचनापत्रक तपासू नका, करून बघा. एका विद्यार्थ्याचं पत्रक दुसऱ्या शाखेच्या विद्यार्थ्याच्या हातात द्या, वस्तू समोर ठेवा, आणि लिहिणाऱ्याला शेजारी तोंड मिटून उभं करा. एक शब्द बोलायची परवानगी नाही. वाचणाऱ्याचा हात जिथे थांबेल तिथे खूण. गुण त्या खुणांवर द्या, व्याकरणाला नंतर बघू. तोंड मिटून उभं राहणं मुलांना सर्वांत जड जातं. “अरे तसं नाही रे” ओठांवर येतंच. आलं की तेच वाक्य पत्रकात लिहायचं राहिलेलं असतं.

त्या मुलाने हे घरी करून पाहिलं. पत्रकाची मराठी प्रत लॅमिनेट करून मोटरीच्या खोलीत लावली आणि काकांना वाचून फिल्टर साफ करायला सांगितलं. शेवटच्या भेटीत तो अहवाल मंजूर झाल्याचं सांगेल असं वाटलं होतं. ते त्याने जाता जाता सांगितलं. आल्या आल्या पत्रकाचा फोटो दाखवला आणि म्हणाला, “मॅडम, काका तिसऱ्या पायरीला अडकले. झाकणाचा दांडा कुठल्या बाजूला फिरवायचा, ते लिहिलंच नव्हतं मी. आबाला सांगायची गरजच नसते ना.” आता तिसऱ्या आकड्याशेजारी पेनाने एक वाकडा बाण काढलेला होता.