वाचकांचे प्रश्न : ऊन चढलं की नदीही चढते?

प्रश्न : खाप्याजवळ कन्हानच्या पुलाखाली आम्ही अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवला आहे. मे महिन्यात पाऊस नाही, वरून पाणीही सोडलेलं नाही. तरी रोज दुपारी पातळी 10-11 सेंमी चढलेली दिसते आणि पहाटेपर्यंत उतरते. सेन्सर बिघडला का?
– एक वाचक, ता. सावनेर

उत्तर : सेन्सर धडधाकट आहे, चढतोय तो पारा. हा सेन्सर पाण्याकडे आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. हवा एका अंशाने तापली की आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 0.6 मीटरने वाढतो. पहाटे 28 आणि दुपारी 44 अंश धरले तर हा फरक पावणेतीन टक्क्यांचा. प्रतिध्वनी लवकर परततो आणि यंत्राला पाणी जवळ आल्यासारखं वाटतं. पाणी 4 मीटर खाली असेल तर चूक साधारण 11 सेंमीची.

म्हणून सोबत तापमानाचा सेन्सर लावा, पण पेटीच्या बाहेर आणि सावलीत. उन्हात तापलेल्या पेटीत ठेवलात तर चूक उलट्या दिशेला जाईल. आवाजाचा वेग (मीटर प्रति सेकंद) = 331.3 + (0.606 × तापमान अंश सेल्सिअसमध्ये). दर 15 मिनिटांनी 11 मोजमापं घ्या, चढत्या क्रमाने लावा आणि सहावं धरा. सरासरी नको, वाहत आलेला एक ओंडकाही ती बिघडवतो. सेन्सर मोजपट्टीच्या शून्यापासून 5.20 मीटर उंच असेल आणि अंतर 3.85 आलं, तर पातळी 1.35 मीटर.

रोज सकाळी 8 वाजता कुणीतरी मोजपट्टी डोळ्यांनी वाचून वहीत लिहायलाच हवी. जलपर्णी साचली की सेन्सर पाणी नव्हे, पानं मोजतो. ते फक्त काठावरच्या माणसाला दिसतं. कोळी किड्याने सेन्सरच्या तोंडाशी जाळं विणलं की अंतर 25-30 सेंमीवर अडकतं, नदी पुलाला टेकल्यासारखी दिसते आणि मध्यरात्री अख्ख्या गावाला पुराचा मेसेज जातो. असं दोनदा झालं की तिसरा, खरा मेसेज कुणी उघडत नाही. त्यामुळे दोन नोंदींत एक मीटरहून मोठी उडी दिसली तर आधी माणसाने पट्टी बघावी, मग इशारा.

प्रश्न : वर मध्य प्रदेशातली सौंसरकडची गावं कन्हानची पातळी कळवायला तयार आहेत. त्यांच्याकडे 3 मीटर म्हणजे आमच्याकडे किती?
– ग्रामपंचायत सदस्य, ता. मौदा

उत्तर : असं गणित बसत नाही. त्यांच्या पट्टीचा शून्य वेगळा, पात्राची रुंदी वेगळी. सौंसरला मराठी कळते, भाषेची अडचण नाही. अडचण शून्याची आहे. म्हणून चढ मागा : ठिकाण, वेळ, पातळी, मागच्या तासाभरात किती सेंमी वाढली. प्रत्येक पुरात दोन्हीकडे पाणी सर्वांत वर कधी आणि किती गेलं ते लिहा. पाच-सहा पुरांनंतर तुमचा स्वतःचा तक्ता तयार होतो.

नेपाळमधून बिहारात उतरणाऱ्या रातू नदीवर ईसीमोड या काठमांडूच्या आंतरराष्ट्रीय पर्वतीय विकास संस्थेने अशीच साखळी बांधली : वरच्या काठावरचा राखणदार सीमेपलीकडच्या ठरलेल्या माणसाला थेट फोन करतो. दोन्हीकडे दोन-दोन नंबर ठेवा आणि पावसाळ्यात कोरड्या दिवशीही सकाळचा मेसेज येऊ द्या. मेसेज आला नाही याचा अर्थ पाणी नाही असा नसतो. बॅटरीही उतरलेली असू शकते.

मात्र हा तक्ता फक्त कन्हानचा. बीना संगमाला पेंच नदी येऊन मिळते आणि तिचं पाणी पावसापेक्षा धरणांच्या दरवाज्यांच्या हिशेबाने येतं : आधी मध्य प्रदेशातलं चौराई, मग तोतलाडोह, मग नवेगाव खैरी. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस हे सगळं पाणी लागोपाठ खाली आलं. पेंचसाठी दुसरी वही करा. तिच्यात दरवाजे किती वाजता उघडले, किती क्युमेक (सेकंदाला घनमीटर) सोडले आणि तुमच्या पट्टीवर पाणी किती वाजता हललं, एवढ्या तीनच नोंदी ठेवा. पहिल्या दोन तहसील कार्यालयातून मागून घ्या.