भाड्याच्या घरात बांबूची तट्टी बांधली, भिंत रंगवली; डिपॉझिट जाईल का?

प्रश्न : मी आरोग्यसेविका आहे. लाखांदूर तालुक्यातल्या एका गावात दोन खोल्या आणि पडवी भाड्याने घेऊन दीड वर्षापासून मुलीसोबत राहते. भाडं २,५०० रुपये, डिपॉझिट १०,००० रुपये. स्टॅम्प पेपरवरचा ११ महिन्यांचा करार संपला, पण भाडं दर महिन्याला ऑनलाइन देते आणि मालक ते घेतात. घर ओकंबोकं वाटायचं, म्हणून बुरडाकडून बांबूच्या तट्ट्या आणून पडवीला आडोसा केला. आईच्या जुन्या लुगड्यांचे पडदे शिवले, एका भिंतीवर गेरू-चुन्याने नक्षी काढली, दोन स्क्रूवर बांबूची फळी टांगली, दारावर धानाच्या लोंब्यांचं तोरण लावलं. पाण्याच्या गुंडांसाठी (घागरींसाठी) मिस्त्रीकडून पडवीत विटा-सिमेंटचा छोटा ओटाही बांधून घेतला. आता मालक म्हणतात, 'करारात लिहिलं आहे, परवानगीशिवाय घरात बदल केल्यास डिपॉझिट जप्त. आठ दिवसांत खोली खाली करा, नाहीतर कुलूप ठोकतो.' मी काय करू?

उत्तर : ताई, आधी कुलपाचं बोलू, कारण तुमची झोप त्यानेच उडाली असणार. आठ दिवसांत घर सोडायची गरज नाही. करार संपल्यावरही मालक भाडं घेत राहिले, म्हणजे तुम्ही महिन्या-महिन्याच्या भाडेकरू झालात. अशी भाडेदारी संपवायची तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ नुसार मालकाला किमान १५ दिवसांची लेखी, सही केलेली नोटीस द्यावी लागते. ती मुदत संपूनही तुम्ही राहिलात तर मालकाने कोर्टात दावा लावायचा. स्वतःच कुलूप ठोकून सामान बाहेर काढणं कायद्यात बसत नाही. तसं झालंच तर ११२ वर फोन करा. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवता येतो, आणि त्या दाव्यात घराचा मालक कोण हा प्रश्नच येत नाही.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या भागांनाच लागू आहे, आणि ते भाग प्रामुख्याने शहरी आहेत. ग्रामपंचायतीच्या गावातला वाद साधारणपणे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यावरच चालतो. त्यात मालकाला घर खाली करून मागायला कारण द्यावं लागत नाही, रीतसर नोटीस पुरते. म्हणून 'कधीच निघणार नाही' अशा भूमिकेवर अडून बसू नका. तुमची खरी ताकद तुमच्या डिपॉझिटमध्ये आणि रीतसर मिळणाऱ्या मुदतीत आहे.

आता तुम्ही केलेल्या कामांकडे येऊ. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये भाडेकरूची कर्तव्यं दिली आहेत. घराला कायमची इजा होईल असं काही करायचं नाही, मालकाच्या संमतीशिवाय पक्कं बांधकाम करायचं नाही, आणि जाताना घर मिळालं त्या स्थितीत परत करायचं, नेहमीची झीज सोडून. त्याच कलमात असंही आहे की भाडेकरूने स्वतः जोडलेल्या वस्तू ताबा असेपर्यंत काढून नेता येतात, घर होतं तसं करून द्यावं एवढीच अट.

पडदे, तोरण, फळी आणि सुतळीने बांधलेल्या तट्ट्या यांत पक्कं बांधकाम कुठे आहे? ओमप्रकाश विरुद्ध अमरसिंग या १९८७ च्या खटल्यात भाडेकरूने हॉलमध्ये पाया न खोदता सहा फुटांची, छताला न टेकणारी भिंत घातली होती. इमारतीला धक्का न लावता ती काढता येत होती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तिला घरात मोठा फेरबदल मानलं नाही. तो खटला छावणी (कॅन्टोन्मेंट) भागातल्या वेगळ्या भाडे कायद्याखालचा होता, पण कोर्ट कोणत्या नजरेने बघतं ते त्यातून कळतं. तट्टीचा खालचा बांबू मात्र विटेवर उचलून ठेवा. मातीला टेकलेल्या बांबूला वाळवी लागते, ती दाराच्या चौकटीत गेली तर 'कायमची इजा' म्हणायला मालकाला आयतं निमित्त मिळेल.

ओट्याच्या बाबतीत तुमची बाजू लंगडी आहे. शहरात असता तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ च्या स्पष्टीकरणाचा आधार घेता आला असता. स्वयंपाकघरातला ओटा, लाकडी पार्टिशन, जाळी अशी कामं तिथे पक्क्या बांधकामातून वगळली आहेत. पडवीतला गुंडांचा ओटा त्यात बसवायलाही वाद घालावा लागला असता, आणि तुमच्या गावात तर ती सवलतच नाही. विटा, सिमेंट आणि मिस्त्री आले म्हटल्यावर कोर्ट तुम्हाला विचारणारच की मालकाची लेखी संमती कुठे आहे. तो ओटा मालकाला हवा असेल तर तसं लिहून घ्या, नको असेल तर तुमच्या खर्चाने काढून फरशी नीट करून द्या. एवढ्यासाठी दहा हजार पणाला लावू नका.

डिपॉझिट जप्तीच्या अटीने घाबरू नका. कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाईच, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. दोन भोकं आणि एक रंगलेली भिंत यांची भरपाई दहा हजार होत नाही. भिंत पूर्ववत करायला किती लागेल ते गावातल्या पेंटरकडून कागदावर लिहून घ्या. त्याला सांगा, आधी गेरू घासून काढायचा, मग प्रायमर, मग डिस्टेंपर. नुसता पांढरा हात मारला तर लालसर झाक वर येते आणि पुन्हा वाद होतो.

मग मालकांना असं पत्र द्या : 'मी लावलेल्या तट्ट्या, फळी व पडदे सुटे असून जाताना मी ते काढून नेईन. भिंत व भोकं माझ्या खर्चाने पूर्ववत करीन. ओटा ठेवायचा की काढायचा ते लेखी कळवावे. ताबा देताना दोघांनी मिळून घर पाहून १०,००० रुपये डिपॉझिट परत करावे.' हे स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. घराचे आजच्या तारखेचे फोटो काढा. राहायला आलात तेव्हाचे जुने फोटो मोबाइलमध्ये असतील तर तेही शोधा, मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोत मागे दिसणारी भिंतसुद्धा चालेल. भाडं थांबवू नका. 'डिपॉझिटमधून कापा' म्हणून दोन महिने भाडं न देणाऱ्यांच्या केसेस मी पाहतो, त्यात चांगली बाजू उगाच कमजोर होते.

पत्रानंतर मालक बसून बोलायला तयार झाले तर बोला, आणि पुढचा करार करताना एक ओळ घालून घ्या : 'भाडेकरूस काढता येण्याजोगी सजावट, एका भिंतीस रंग व स्क्रू लावण्यास परवानगी आहे.' तुम्ही मुलीसाठी घर उभं केलं आहे. ते काही अपराध नाही, त्याला फक्त एका सहीचा आधार हवा होता. बोलणं फिसकटलं तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि हेल्पलाइन १५१०० आहे. दावा लावण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवायला सांगा. तिथे तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नसतं. जाताना करार, भाडं दिल्याच्या नोंदी, फोटो आणि पेंटरचा कागद सोबत न्या.