पहिल्यांदा कांदाचाळ (कांदा साठवायची हवेशीर शेड) भरताय? मग एवढं सांभाळा

दादा, कांदा टिकणार की सडणार हे निम्मं शेतातच ठरतं. साठवायचा तो रब्बीचा उन्हाळी कांदा. एन-२-४-१, भीमा किरण, भीमा शक्ती असे वाण. खरिपाचा लाल कांदा चाळीत टिकत नाही, तो लगेच विका. लागवडीला ६० दिवस झाले की युरिया बंद. उशिरा दिलेल्या नत्राने (युरियातलं नायट्रोजन) कांद्याची मान, म्हणजे पात कांद्याला मिळते तो भाग, जाड होते, ती सुकत नाही आणि सड तिथूनच आत शिरते.

नवीन माणूस हमखास चुकतो ते सुकवण्यात. भावाच्या घाईत ओल्या मानेचा कांदा चाळीत जातो आणि आठवड्यात वास सुटतो.

- निम्म्या माना पडल्या की काढणी. पाणी १०-१५ दिवस आधी तोडा.
- शेतात ३ दिवस पातीसकट ठेवा, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येऊ द्या. उघडा कांदा उन्हाने भाजतो.
- दीड इंच मान ठेवून पात कापा. अगदी कांद्यालगत कापली तर जखम उघडी राहते.
- मग सावलीत १०-१२ दिवस पातळ थरात.

जोडकांदा, डेंगळे (फुलाचा दांडा आलेला कांदा), जाड मानेचा, कुदळ लागलेला माल वेगळा काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण मजुरी वाचवू नका.

चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, खालून हवा खेळती हवी. थर ४-५ फुटांपेक्षा उंच नको. खालचा कांदा दबतो, मधे ऊब धरते. पावसाची झड आली की बाजूचे पडदे सोडा, उघडीप मिळताच वर करा.