व्हिडिओ बघणाऱ्याने आधी काही इन्स्टॉल का करायचं?

वाचकांचे प्रश्न

वेबसाइटवरच्या व्हिडिओंबद्दल नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. वेबसाइट उघडणाऱ्याला आधी एखादं सॉफ्टवेअर टाकायला लावायची आज कुठेच गरज उरलेली नाही, हे उत्तरं वाचताना लक्षात येईलच.

प्रश्न : आमच्या पैठणीच्या दुकानाची वेबसाइट २०१२ साली करून घेतली होती. त्यात मागावरच्या विणकामाचा व्हिडिओ आहे. आता त्या जागी नुसता करडा चौकोन दिसतो आणि खाली ‘फ्लॅश प्लेअर डाउनलोड करा’ असं येतं. गिऱ्हाइकांना काय टाकायला सांगावं?
— पैठणी विक्रेते, येवला

काहीही टाकायला सांगू नका, आणि ती ‘डाउनलोड करा’ची ओळ आजच्या आज काढा. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअर बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातला मजकूर चालणंही थांबवलं. आज फ्लॅश शोधत फिरणाऱ्या माणसाच्या हाती बहुतेक वेळा व्हायरसच लागतो. आपल्या गिऱ्हाइकाला त्या वाटेला पाठवणं बरोबर नाही.

ब्राउझरला स्वतःलाच व्हिडिओ दाखवता येतो. एचटीएमएल५ या वेबपानांच्या भाषेतला ‘व्हिडिओ’ टॅग (कोडमधली खूण) त्यासाठीच आहे. तुमच्या वेबसाइटवाल्याला जुना ‘ऑब्जेक्ट’ किंवा ‘एम्बेड’ टॅग काढून हा टॅग घालायला सांगा. त्यात ‘कंट्रोल्स’ हा शब्द हवाच, नाहीतर चालू-बंदची बटणं दिसत नाहीत. ‘पोस्टर’मध्ये एक चांगला फोटो द्या, म्हणजे व्हिडिओ सुरू होण्याआधी काळी चौकट दिसणार नाही.

फाइल मात्र नीट बनवायला हवी. डबा, म्हणजे बाहेरचा फाइल-प्रकार, एमपी४, आत चित्र दाबायची पद्धत एच.२६४ आणि आवाजाची एएसी, ही जोडी आज वापरात असलेल्या जवळपास प्रत्येक फोनवर आणि संगणकावर चालते. त्यासाठी हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे, आणि ते फक्त तुमच्या संगणकावर लागतं. मूळ चित्रीकरणाची फाइल त्यात ओढून टाका आणि ‘फास्ट ७२०पी३०’ हा प्रीसेट (तयार सेटिंग) निवडा. ‘समरी’मध्ये फॉरमॅट एमपी४ ठेवून ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ या चौकटीवर टिक करा. ही टिक का लागते ते पुढे पिंपळगावच्या प्रश्नात सांगितलं आहे. ‘व्हिडिओ’मध्ये एन्कोडर एच.२६४ आणि ‘ऑडिओ’मध्ये एएसी, १२८ केबीपीएस ठेवा.

आता पैठणीपुरतं एक. ‘कॉन्स्टंट क्वालिटी’च्या पट्टीवर आरएफचा आकडा असतो. तो जितका कमी, तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. माणूस बोलतोय असा साधा व्हिडिओ २२-२३ वर छान दिसतो. पदरावरचे मोर आणि जरीची बारीक वीण जवळून दाखवताना मात्र त्याच आकड्यावर पोत पुसट होतो, कारण प्रत्येक फ्रेममध्ये बारीक तपशील खच्चून भरलेला असतो. तिथे २० ठेवा. फाइल फुगेल, पण गिऱ्हाईक जे बघायला आलंय ते दिसेल. आणि शक्यतो जुन्या वेबसाइटवरची फाइल उचलू नका. ती आधीच दाबलेली आहे, पुन्हा दाबली की आणखी बिघडेल. मूळ टेप किंवा कार्ड शोधा.

अपलोड करताना फाइलचं नाव लहान रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्या. कॅमेरे शेवटची ‘एमपी४’ ही अक्षरं मोठ्या लिपीत लिहितात, कोडमध्ये ती लहान असतात, आणि लिनक्स सर्व्हरला ही दोन वेगळी नावं वाटतात. व्हिडिओ ‘सापडत नाही’ यामागे कितीतरी वेळा एवढंच असतं.

प्रश्न : द्राक्षमळ्यातल्या आमच्या होमस्टेचा व्हिडिओ आयफोनवर काढला आणि वेबसाइटवर टाकला. आमच्या फोनवर झकास चालतो. काही पाहुणे म्हणतात, फक्त आवाज येतो, चित्र काळं.
— होमस्टे चालक, गंगापूर धरण परिसर

तुमचा फोन एच.२६५ मध्ये, म्हणजे एचईव्हीसीमध्ये चित्रीकरण करतो. जागा कमी लागावी म्हणून नव्या आयफोनवर तीच सोय आधीपासून चालू असते. ॲपलच्या उपकरणांना ते समजतं. सगळ्या संगणकांना आणि ब्राउझरना समजतंच असं नाही. तिथे आवाजाचा एएसी भाग वाजतो आणि चित्र उघडत नाही. फाइलच्या नावातलं ‘एमओव्ही’ बदलून ‘एमपी४’ केल्याने काही होणार नाही, आतला माल तोच राहतो.

असलेली फाइल वर सांगितल्याप्रमाणे हँडब्रेकमधून काढा. पुढच्या चित्रीकरणाआधी फोनच्या सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स इथे जाऊन ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडा. त्याच कॅमेरा सेटिंगमध्ये ‘रेकॉर्ड व्हिडिओ’खाली ‘एचडीआर व्हिडिओ’ असेल तर तेही बंद ठेवा. एचडीआर फाइल साध्या फाइलमध्ये नीट बदलली गेली नाही तर रंग धुतल्यासारखे फिके पडतात, आणि मळ्याचा हिरवा रंगच गेला तर व्हिडिओत उरलं काय?

प्रश्न : पॅकहाउसचा तीन मिनिटांचा व्हिडिओ परदेशी खरेदीदारांसाठी वेबसाइटवर ठेवला आहे. फाइल एच.२६४ एमपी४ आहे, ३९० एमबी. सुरू व्हायला मिनिटभर लागतं, अडखळतो, आणि आयफोनवर तर सुरूच होत नाही. होस्टिंग कंपनी म्हणते आमच्याकडे दोष नाही.
— द्राक्ष निर्यातदार, पिंपळगाव बसवंत

इथे तीन वेगळे दोष असण्याची दाट शक्यता आहे, म्हणून एकेक तपासा.

पहिला हिशेबाचा. ३९० एमबीला ८ ने गुणा आणि १८० सेकंदांनी भागा, सेकंदाला १७ मेगाबिटच्या वर जातं. ज्याचं कनेक्शन सेकंदाला १० मेगाबिट देतं त्याच्याकडे हा व्हिडिओ अडखळणारच, सर्व्हर कितीही चांगला असो. ही एडिटिंगमधून निघालेली मूळ प्रत आहे, ती संग्रही ठेवा. वेबसाइटसाठी ७२०पी आणि सेकंदाला सुमारे २ मेगाबिट पुरतात. आवाज धरून फाइल ४८ एमबीच्या आसपास येईल. मशिनरी बारकाईने दाखवायची असेल तर १०८०पी आणि ४ मेगाबिट घ्या, साधारण ९३ एमबी.

दुसरा सुरुवातीच्या उशिराचा. एमपी४ फाइलमध्ये एक सूची असते, कोणती फ्रेम फाइलमध्ये कुठे आहे हे सांगणारी. तिला ‘मूव्ह ॲटम’ म्हणतात. चित्रीकरण किंवा एक्स्पोर्ट संपल्याशिवाय ती पूर्ण होत नाही, म्हणून बरीच सॉफ्टवेअर ती फाइलच्या शेवटी लिहितात. सूची हाती आल्याशिवाय ब्राउझरला पहिली फ्रेमही दाखवता येत नाही. ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ची टिक हीच सूची उचलून पुढे आणते. फाइल पुन्हा बनवायची नसेल तर एफएफएमपेग या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉपी’ आणि ‘फास्टस्टार्ट’ हे पर्याय देऊन नुसती सूची हलवता येते. काही सेकंदांचं काम आहे आणि चित्राच्या दर्जाला धक्काही लागत नाही.

तिसरा आयफोनचा, आणि होस्टिंग कंपनीशी बोलायचं ते याबद्दल. सफारी आधी फाइलचे पहिले दोन बाइट मागून बघतो. सर्व्हरने तेवढेच दिले तर तो पुढे जातो. पूर्ण फाइल अंगावर टाकणाऱ्या सर्व्हरवरचा व्हिडिओ तो चालवत नाही. तपासणी तुम्हीच करा : संगणकावर क्रोममध्ये पान उघडा, एफ१२ दाबा, ‘नेटवर्क’ टॅबमध्ये जा, पान पुन्हा लोड करून व्हिडिओ चालवा आणि एमपी४ च्या ओळीवर क्लिक करा. स्टेटस २०६ दिसला तर तुकड्यांत देण्याची सोय आहे. २०० दिसला तर नाही. तिथेच ‘कंटेंट-टाइप’ बघा. तो ‘व्हिडिओ/एमपी४’ हवा. ‘टेक्स्ट’ वगैरे असेल तर सर्व्हरवर एमपी४ चा माइम टाइप (फाइल कसली आहे हे ब्राउझरला सांगणारी नोंद) नोंदवून घ्या.

आता कंपनीचं म्हणणं. साधी फाइल साध्या फोल्डरमध्ये ठेवली तर अपाची आणि एनजिनएक्स ही दोन्ही सर्व्हर सॉफ्टवेअर स्वतःहून २०६ देतात. त्यामुळे ते खरंही बोलत असतील. गडबड बहुधा मधल्या पीएचपी स्क्रिप्टमध्ये असते. डाउनलोड मोजण्यासाठी किंवा लॉगिनसाठी व्हिडिओ स्क्रिप्टमधून दिला जातो आणि ती स्क्रिप्ट तुकड्याची मागणी वाचतच नाही. एक पडताळा घ्या : तीच फाइल थेट फोल्डरच्या पत्त्यावरून आयफोनवर उघडून बघा. तिथे चालली तर दोष स्क्रिप्टचा. सर्व्हर एमपी४ वर जीझिप (फाइल दाबायची पद्धत) लावत असेल तर तेही बंद करायला सांगा. आधीच दाबलेली फाइल आणखी लहान होत नाही आणि तुकड्यांच्या देण्याघेण्यात मात्र विघ्न येतं.

खरेदीदार नेदरलँड्समध्ये आणि सर्व्हर भारतात असेल, तर फाइल सीडीएनवर, म्हणजे जगभर पसरलेल्या सर्व्हरच्या जाळ्यावर, ठेवा म्हणजे ती त्यांच्या जवळच्या केंद्रातून जाईल. पण वरच्या तीन गोष्टी आधी करा. बिघडलेली फाइल सीडीएनवर ठेवली तर ती जगभर बिघडलेलीच पोहोचते.

प्रश्न : मुखपृष्ठावर व्हिडिओ आपोआप, आवाजासह सुरू व्हायला हवा. ‘ऑटोप्ले’ लिहूनही होत नाही.
— कॅफेचालक, कॉलेज रोड

आवाजासह होणार नाही. क्रोमने एप्रिल २०१८ पासून ते अडवलं आहे, बाकीचे ब्राउझरही अडवतात, आणि ते योग्यच आहे. बिनआवाजाचा मात्र चालतो. टॅगमध्ये ‘ऑटोप्ले’, ‘म्यूटेड’, ‘लूप’ आणि ‘प्लेजइनलाइन’ हे चारही शब्द घाला. शेवटचा विसरलात तर आयफोनवर व्हिडिओ जागच्या जागी सुरू होत नाही. आवाज ऐकवायचाच नसेल तर फाइलमधून आवाजाची पट्टीच काढून टाका. आयफोन ‘लो पॉवर मोड’मध्ये असताना हाही आपोआप सुरू होत नाही, त्यामुळे पोस्टरचा फोटो असा निवडा की तेवढ्यावरही पान पूर्ण वाटेल. आणि व्हिडिओ दहा-पंधरा सेकंदांचाच ठेवा. बघणाऱ्याचा डेटा तुम्ही न विचारता खर्च करता आहात.

प्रश्न : शाळेकडे जुन्या शैक्षणिक सीडी आहेत : काही एफएलव्ही, काही एसडब्ल्यूएफ, आणि स्नेहसंमेलनांच्या हँडीकॅमच्या टेपा. सगळं शाळेच्या वेबसाइटवर येईल का?
— संगणक शिक्षिका, सिडको

एफएलव्ही हा व्हिडिओच आहे. मीडियाइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. आत एच.२६४ असेल तर नुसता डबा बदलून एमपी४ होतो. सोरेन्सन किंवा व्हीपी६ ही जुनी पद्धत असेल तर हँडब्रेकमधून पुन्हा बनवावा लागेल.

एसडब्ल्यूएफची गोष्ट वेगळी. ते बहुधा चालतं-फिरतं ॲनिमेशन किंवा प्रश्नमंजूषा असते, तिचा एमपी४ होत नाही. त्यासाठी ‘रफल’ हे मुक्त सॉफ्टवेअर सर्व्हरवर ठेवा. ते बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्येच फ्लॅशची नक्कल करतं, विद्यार्थ्यांना काही टाकावं लागत नाही. ॲक्शनस्क्रिप्ट या फ्लॅशच्या भाषेच्या आवृत्ती १ आणि २ मधल्या जुन्या फाइली त्यात बऱ्याच नीट चालतात, ३ मधल्यांचं मात्र चालवून बघूनच ठरवा. सीडीवरच्या धड्यांचे हक्क कुणाकडे आहेत तेही वेबसाइटवर टाकण्याआधी विचारा.

टेपांमध्ये मुलं नाचताना कडांना कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसतील. जुना कॅमेरा एक आड एक ओळी टिपतो, म्हणजे चित्र इंटरलेस्ड असतं. हँडब्रेकच्या ‘फिल्टर्स’मध्ये ‘डीइंटरलेस’ चालू केलं की त्या जातात.

प्रश्न : व्हिडिओखाली मराठी ओळी दिल्या, पण नुसती चिन्हं दिसतात.
— प्रशिक्षण संस्था, सातपूर

मजकूर जुन्या, बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेला असावा. आधी तो युनिकोडमध्ये बदला आणि फाइल यूटीएफ-८ म्हणून जतन करा. ओळींची एसआरटी प्रकारची फाइल ब्राउझरला कळत नाही, वेबव्हीटीटी प्रकारची लागते. नोटपॅडमध्ये पहिल्या ओळीवर ‘वेबव्हीटीटी’ ही अक्षरं रोमन मोठ्या लिपीत लिहा, खाली एक ओळ मोकळी सोडा, आणि वेळेतला स्वल्पविराम काढून टिंब द्या : ००:००:०५,००० चं ००:००:०५.०००. एवढा एक स्वल्पविराम राहिला तरी ती ओळ दिसत नाही. कारखान्याच्या गोंगाटात किंवा आवाज बंद ठेवून बघणाऱ्यांसाठी आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी या ओळी फार मोलाच्या आहेत, म्हणून एवढी खटपट नक्की करा.

प्रश्न : गोदाघाटाकडे तोंड करून संस्थेचा सीसीटीव्ही कॅमेरा आहे. आरतीचं दृश्य वेबसाइटवर थेट दाखवायचं आहे. कॅमेऱ्याचा आरटीएसपी पत्ता टाकला, पण ब्राउझर तो उघडत नाही.
— संस्थेचे कार्यकर्ते, पंचवटी

ब्राउझरला आरटीएसपी, म्हणजे कॅमेऱ्याची थेट प्रवाह पाठवायची पद्धत, येत नाही. पूर्वी त्यासाठी प्लगइन टाकावं लागे, आता ते मार्ग बंद झाले. मध्ये एक भाषांतर करणारा सर्व्हर हवा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये चित्र एच.२६५ वर असेल तर एच.२६४ करा आणि की-फ्रेम (पूर्ण चित्र असलेली फ्रेम) दर २ सेकंदांनी ठेवा. मग एफएफएमपेग तो प्रवाह घेऊन एचएलएसमध्ये, म्हणजे काही सेकंदांच्या तुकड्यांमध्ये आणि त्यांच्या यादीत बदलू शकतो. चित्र पुन्हा बनवायचं नसल्यामुळे साध्या संगणकावरही हे जमतं. कॅमेऱ्याचा आवाज बहुधा जी.७११ मध्ये असतो, तेवढा एएसी करावा लागतो. सफारी एचएलएस स्वतः चालवतो. इतर ब्राउझरसाठी पानात ‘एचएलएस.जेएस’ ही मोफत लायब्ररी जोडा.

दृश्य थोडं मागे राहील. तुकडे ६ सेकंदांचे असतील आणि प्लेअर तीन तुकडे साठवून सुरू होत असेल, तर १८ सेकंद तिथेच गेले. आरतीसाठी तुकडे २ सेकंदांचे केले तर हा उशीर बराच कमी होतो.

एक चूक मात्र टाळा. लोकांना संस्थेच्या इंटरनेटवरून थेट जोडू नका. २ मेगाबिटचा प्रवाह ५० जणांनी बघितला तर सेकंदाला १०० मेगाबिट अपलोड लागेल, आणि सिंहस्थाच्या दिवसांत बघणारे ५० वर थांबणार नाहीत. एकच प्रवाह बाहेरच्या सर्व्हरवर किंवा यूट्यूब लाइव्हवर पाठवा, लोक तिथून बघतील. संस्थेकडून तेवढे २ मेगाबिटच जातील. कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्डही बदला. आरटीएसपीच्या पत्त्यात तो उघडा लिहिलेला असतो, आणि तुमच्या वेबसाइटच्या कोडमध्ये तो पत्ता आत्ता कुणालाही वाचता येतो. आधी तो काढा.